बाली : पाण्याच्या वाटेवरची देवळं

[दृश्य : ओहोटी. काळा कातळ, त्यावर देऊळ, पायथ्याशी माणसांची रांग.]

ओहोटी लागली की या कातळापर्यंत चालत जाता येतं. भरती आली की चारी बाजूंनी समुद्र. हे तनाह लोत, बालीच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरचं देऊळ. सोळाव्या शतकात निरार्थ नावाचे आचार्य जावाहून इथं आले आणि त्यांच्या सांगण्यावरून हे देऊळ उभं राहिलं, अशी इथली परंपरा सांगते. वर देवळात फक्त पूजेला आलेल्यांना सोडतात. मग ही रांग कशाची?

कातळाच्या पायाशी बघा. भोवती सगळं खारं पाणी, आणि तिथंच गोड्या पाण्याचा झरा. पुजारी ते पाणी शिंपडतात, कपाळाला तांदूळ लावतात, कानामागं फूल खोवतात. लोक एवढ्यासाठी तासभर उभे राहतात.

१९८०च्या दशकात लाटांनी हा कातळ ढासळायला लागला होता. जपान सरकारच्या कर्जातून त्याची डागडुजी झाली. आज जो कातळ दिसतोय, त्याचा सुमारे एक तृतीयांश भाग माणसानं घडवलेला आहे.

[दृश्य : कडा, पांढरी वाळू, मग काळी वाळू आणि होड्या.]

दक्षिणेला चुनखडीचे कडे, खाली पांढरी वाळू. उलुवातूचं देऊळ समुद्रापासून जवळपास ७० मीटर उंच कड्याच्या अगदी टोकावर. संध्याकाळी तिथं केचक नावाचा नाच होतो. वाद्य एकही नाही. पुरुषांच्या गळ्यातून निघणारा ‘चक-चक’चा ठेका, आणि त्या ठेक्यावर रामायण. पूर्वेकडं आणि उत्तरेकडं वाळू काळी, ज्वालामुखीची. तिच्यावर ओढून ठेवलेल्या या जुकुंग होड्या.

कोल्हापूरहून सहलीला आलेली मंडळी सगळ्यात जास्त फोटो याच भागात काढतात, आणि काढावेतच. पण बालीची देवळं का आहेत, कुठं आहेत, हे समजून घ्यायचं तर समुद्र सोडून वर डोंगरात जायला हवं. पाणी जिथून येतं, तिकडं.

[दृश्य : धुकं, सरोवर, पाण्यात उभं असलेलं अकरा छपरांचं देऊळ.]

हे उलुन दानू ब्रातान. १६३३ सालचं. इंडोनेशियाच्या जुन्या ५० हजार रुपियांच्या नोटेवर हेच चित्र होतं. अकरा छपरं एकावर एक, काळ्या शाकारणीची. इथली देवी म्हणजे देवी दानू, सरोवराची देवी. सरोवरातून पाणी खाली जातं, म्हणून सरोवराला देऊळ. इतका सरळ हिशेब आहे.

याहून मोठा मान बतूरच्या देवळाला. बतूर हा जागृत ज्वालामुखी, आणि त्याच्या जुन्या विवरात हे बालीतलं सगळ्यात मोठं सरोवर. मूळ देऊळ खाली, काठावर होतं. १९२६च्या उद्रेकात लाव्ह्यानं गाव आणि देऊळ दोन्ही गिळलं. लोकांनी देव उचलले आणि विवराच्या कडेवर, वर, नवं देऊळ बांधलं. या सरोवरातून एकही नदी उघड्यानं बाहेर पडत नाही. पाणी जमिनीत मुरतं आणि खालच्या झऱ्यांतून वर येतं, अशी शेतकऱ्यांची श्रद्धा. म्हणून खालच्या खोऱ्यांतले शेतकरी आपल्या शेतातला वाटा घेऊन इथवर येतात.

[दृश्य : तिर्ता एम्पुल. तळातली वाळू उसळतेय. कुंडात रांग.]

तळाकडं नीट बघा. काळी वाळू आतून उकळल्यासारखी हलतेय. हा जिवंत झरा. ९६२ साली हे तीर्थ बांधलं, असं जवळच्याच मानुकाया गावातला शिलालेख सांगतो. म्हणजे हजार वर्षांहून जुना काळ. कुंडात उतरलेली माणसं एकेका धारेखाली डोकं धरतात, पुढं सरकतात. मधल्या दोन धारा मात्र सगळे टाळतात, त्या मृतांच्या विधीसाठी राखलेल्या आहेत.

आणि हे पाणी देवळात थांबत नाही. इथून निघतं आणि भाताच्या खाचरांत जातं. पाकेरिसान नदीच्या याच खोऱ्यात थोडं खाली गेलं की गुनुंग कावी लागतं : कड्यात कोरलेली दहा देवळं, सुमारे ७ मीटर उंच, अकराव्या शतकातली. त्यांच्या समोर भात डोलतोय.

[दृश्य : जातिलुविह. खाचरांच्या पायऱ्या. मग जवळून – पाटातला खाचा पाडलेला ओंडका.]

इथं जरा थांबायचंय.

पावसाळा सरला की आपण पंचगंगेवरच्या बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घालतो, पुढचा पाऊस तोंडावर आला की काढतो. हा बंधारा इतका आपला की देशभरचे सिंचनवाले त्याला ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ म्हणूनच ओळखतात. त्यामुळं हा ओंडका काय करतोय, हे कोल्हापूरकराला समजवायला नको. आडव्या लाकडाला खाचा आहेत. ज्याची जमीन जेवढी, त्याच्या वाट्याची खाच तेवढी रुंद. पाणी दिवसरात्र वाहतं आणि आपोआप वाटलं जातं.

या व्यवस्थेला सुबक म्हणतात. नवव्या शतकापासून ती चालत आली आहे. बालीच्या नद्या खोल घळींतून वाहतात, त्यामुळं शेजारच्या शेतात नदीचं पाणी चढत नाही. मग खूप वर जाऊन बांध घालायचा, तिथून कालवा काढायचा, मध्ये डोंगर आला तर बोगदा खणायचा. मऊ ज्वालामुखी खडकात हातानं खणलेले हे बोगदे आजही वाहताहेत. एका बांधाच्या पाण्यावर जेवढी शेतं भिजतात, ती सगळी एका सुबकमध्ये. गावाची शीव इथं चालत नाही, पाटाची चालते. सभासदांमधून निवडलेला पेकासेह हे सगळं बघतो. बालीत असे सुमारे १,२०० सुबक आहेत, आणि एकेकात ५० ते ४०० शेतकरी.

आणि प्रत्येक वळणावर देऊळ. बांधावर, पाट फुटतो तिथं, खाचरांच्या माथ्यावर. त्या देवळांत बैठका होतात. रोप लागण कुणी कधी करायची, पाणी कधी सोडायचं, जमीन कधी पडीक ठेवायची, सगळं तिथं ठरतं. वरचे शेतकरी खालच्यांचं का ऐकतील? कारण किडीला शीव नसते. सगळ्यांनी एकदम लागण केली आणि एकदम रान मोकळं ठेवलं, तर तुडतुड्याला खायला काही उरत नाही. पण सगळ्यांनीच एकदम लागण केली तर पाणी पुरत नाही. या दोन टोकांच्या मधली तारीख काढायची, हे देवळाचं काम.

१९७०च्या दशकात सरकारनं नव्या वाणांसाठी सांगितलं, पीक थांबवू नका, मिळेल तेव्हा लागण करा. देवळांची तारीख मागं पडली. तुडतुडे माजले, फवारण्या वाढल्या, पाण्याचा ताळमेळ गेला. मग स्टीफन लान्सिंग नावाच्या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञानं जेम्स क्रेमर या पर्यावरणशास्त्रज्ञाच्या साथीनं ओस आणि पेतानू या दोन नद्यांची खोरी संगणकावर उभी केली. प्रत्येकानं आपल्या मनानं लागण केली तर काय, सगळ्यांनी एकाच दिवशी केली तर काय, असं तपासत गेले. सगळ्यात चांगलं पीक निघालं ते देवळांनी ठरवलेल्या सुबकांच्या गटांनी एकत्र लागण केली तेव्हा. २०१२ साली युनेस्कोनं सुबकच्या प्रदेशाचे निवडक भाग जागतिक वारसा म्हणून जाहीर केले.

आता खाचरांच्या जागी व्हिला उभे राहताहेत आणि पाणी हॉटेलांकडं वळतंय. पंचगंगेची अवस्था तर आपण शिवाजी पुलावरून रोजच बघतो.

[दृश्य : छत्र्या, पताका, पांढऱ्या कपड्यांतली मिरवणूक समुद्राकडं.]

ही मेलास्ती. देवांना समुद्रावर नेऊन शुद्ध करून परत आणतात. तीन-चार दिवसांनी न्येपी, म्हणजे त्यांच्या शक वर्षाचा पहिला दिवस. हा शक आपलाच. २०२६ साली न्येपी आणि गुढीपाडवा एकाच दिवशी, १९ मार्चला, आणि साल दोन्हीकडं शके १९४८. पण त्या दिवशी बालीत दिवा लागत नाही, रस्त्यावर कुणी येत नाही.

सहल ठरवताना नेणाऱ्याला एवढं सांगा : एक दिवस समुद्राचा कमी करून बतूर, तिर्ता एम्पुल आणि जातिलुविह घाला. जातिलुविहला सकाळी लवकर पोचा, दुपारनंतर डोंगरावर ढग उतरतात. देवळात कमरेला सारोंग लागतो, तो बहुतेक ठिकाणी तिथंच मिळतो. बांधावरून चालताना पाट ओलांडा, त्यात पाय घालू नका. आणि मार्चमध्ये जाणार असाल तर तिकीट काढण्याआधी न्येपीची तारीख बघा, कारण त्या दिवशी विमानतळसुद्धा बंद असतो.