घटस्थापनेला बनवला, कोजागिरीला मेला

श्रोतेहो, नमस्कार.

छोट्या धंद्याने आपला क्यूआर कोड कसा बनवावा, कसा छापावा आणि छापल्यावर कसा सांभाळावा, याबद्दल आज बोलू. स्कॅन कसा करायचा ते सांगत बसत नाही. दहा रुपयांच्या कोथिंबिरीलाही आपण मोबाइल पुढे करतो. तरी भाजीवाल्याने आणि गिऱ्हाइकाने थोडे सुट्टे जवळ ठेवावेतच, असं माझं जुनं मत आहे. रेंज गेली की जुडी एकाच्या हातात, मोबाइल दुसऱ्याच्या, आणि दोघं गोल फिरणाऱ्या चकतीकडे बघत उभे. असो.

गिरगावातल्या एका चाळीत चौघी जणी मिळून दिवाळीचा फराळ करतात. नाव सांगत नाही, कारण माल चांगला आहे आणि चूक कुणाच्याही हातून होण्यासारखी आहे. चकली, कडबोळी, शंकरपाळे, चिवडा. अनारसे करत नाहीत, तेही बरंच. अनारसा पाकिटात भरून विकायची वस्तूच नव्हे. तर एका वर्षी त्यांनी ठरवलं, पाकिटावर क्यूआर कोड हवा. स्कॅन केला की भावपत्रक उघडेल, त्याखाली व्हॉट्सॲपचं बटण, बटण दाबलं की ऑर्डर.

घटस्थापनेच्या दिवशी एकीच्या मुलीने मोबाइलवर ‘फ्री क्यूआर कोड’ असं शोधलं. जी साइट पहिली आली ती उघडली. पाच मिनिटांत कोड तयार. मध्ये पणतीचं चित्रसुद्धा. चौघींच्या मोबाइलवर चालवून बघितला, चारही ठिकाणी चालला. मग काळबादेवीच्या छपाईवाल्याकडे तीन हजार स्टिकर टाकले. दसऱ्याला पाकिटं बाहेर पडली. बोरिवली, डोंबिवली, फोर्टातली ऑफिसं. ऑर्डरी येऊ लागल्या.

आणि कोजागिरीनंतर ऑर्डरी थांबल्या. ऐन दिवाळीच्या तोंडावर! पहिला दिवस वाटलं, लोक पगाराची वाट बघत असतील. दुसऱ्या दिवशी वाटलं, बाजारच थंड आहे. तिसऱ्या दिवशी भाजणीत ओवा जास्त पडला का, यावर घरात बोलणं झालं. चौथ्या दिवशी मुलुंडच्या एका गिऱ्हाईक बाईंचा फोन आला. पाकिटावर फोन नंबर छापलेलाच नव्हता. कोड आहे म्हटल्यावर नंबर कशाला, असं ठरलं होतं. त्या बिचाऱ्या बाईंनी नणंदेच्या ओळखीतून नंबर मिळवला होता. त्यांनी विचारलं, “अहो, तुम्ही फराळ करायचं बंद केलंत का?”

कोड स्कॅन केला तर पडद्यावर भावपत्रक नाही. हा कोड सध्या बंद आहे, मालकाने प्लॅन निवडावा, अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य. साइटवरचा तो कोड १४ दिवसांच्या चाचणीपुरता फुकट होता. घटस्थापनेला बनवला, १४ दिवसांनी कोजागिरीला मेला. तपासला तेव्हा चालत होता, कारण तेव्हा चाचणी सुरू होती.

चौघी स्टिकरचा उरलेला गठ्ठा घेऊन छपाईवाल्याकडे गेल्या. दुकानातल्या कॉम्प्युटरवाल्या पोराने कॅमेरा स्टिकरवर धरला, पण उघडायचं बटण दाबलं नाही. पडद्यावर जी पत्त्याची ओळ आली ती नुसती वाचली आणि म्हणाला, “ताई, हा चौकोन तुमचा नाहीच. यात तुमच्या पानाचा पत्ता कुठेय? यात त्या साइटचा पत्ता आहे.”

श्रोतेहो, सगळी मेख इथे आहे. कोडाचे दोन प्रकार. एक स्थिर, म्हणजे स्टॅटिक. त्यात तुमचा पत्ता त्या काळ्या-पांढऱ्या घरांमध्येच लिहिलेला असतो. मध्ये कुणी नाही, मुदत नाही. दुसरा डायनॅमिक. त्यात मधल्या कंपनीचा आखूड पत्ता असतो. गिऱ्हाईक आधी त्यांच्या दारात जातं, तिथून ते तुमच्याकडे पाठवतात. मुंबईच्या भाषेत सांगायचं तर स्टॅटिक कोड म्हणजे मालकीची खोली आणि डायनॅमिक म्हणजे लीव्ह अँड लायसन्स. भाडं थकलं की कुलूप. फरक एवढाच की इथे कुलूप लागतं ते आधीच विकल्या गेलेल्या पाकिटांना, लोकांच्या डब्यांशेजारी पडलेल्या पाकिटांना.

डायनॅमिक कोड वाईट, असं माझं म्हणणं नाही. छापून झाल्यावर आतला पत्ता बदलता येतो, किती जणांनी स्कॅन केला ते मोजता येतं. पण ते भाडं आहे हे माहीत असावं. मूळ कोडाला मात्र कुणाचं भाडं नाही. १९९४ साली जपानमधल्या डेन्सो या मोटारीचे भाग बनवणाऱ्या कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो बनवला, आणि पेटंट असूनही त्याच्या वापरावर कंपनीने पैसे लावले नाहीत. कारखान्यात तेलाचे हात लागणार हे धरूनच त्याची रचना केली. म्हणून वडापावच्या गाडीवरही तो तग धरतो.

गिरगावात परत येऊ. तीन हजारांपैकी अठराशे स्टिकर बाहेर गेले होते. त्यांचं काय करणार? काहीही करता येत नाही. म्हणून चौघींनी मुकाट्याने त्या साइटचं वर्षाचं भाडं भरलं आणि ते अठराशे जिवंत केले. उरलेल्या बाराशेंवर नवा, स्थिर कोड चिकटवायचं ठरलं. पण त्यातही दोनदा अडखळल्या.

पहिल्यांदा, साध्या पातळ कागदाचा स्टिकर जुन्या कोडावर चिकटवला. खालचा काळा चौकोन वरच्या पांढऱ्या भागातून दिसायला लागला आणि कॅमेरा गोंधळला. अशा कामाला मागून राखाडी असलेला अपारदर्शक स्टिकर मागायचा, आणि तो जुन्या कोडापेक्षा चारही बाजूंनी मोठा घ्यायचा.

दुसऱ्यांदाची गंमत अशी. आता कोड थेट व्हॉट्सॲपचा ठेवायचा होता. त्याची लिंक सोपी: डब्ल्यूए डॉट मी, तिरकी रेघ, ९१ आणि पुढे आपला दहा आकडी नंबर. ९१ च्या आधी अधिकचं चिन्ह नाही, मध्ये मोकळी जागा नाही. त्या मुलीला वाटलं, लिंकमध्येच ‘मला चकली हवी’ हा निरोपही घालू, म्हणजे गिऱ्हाइकाला टाइप करायला नको. घातला. कोड एकदम गचपण झाला! कारण लिंकमध्ये मराठीचं एकेक चिन्ह नऊ-नऊ अक्षरं खातं. काना वेगळा, वेलांटी वेगळी. सुरुवातीचं ‘https://’ धरून नुसती लिंक २६ अक्षरांची, ती २५ बाय २५ घरांत मावते. त्या तीन शब्दांनी ती १२८ अक्षरांची झाली आणि कोड ४९ बाय ४९ घरांचा. दोन सेंटिमीटरच्या स्टिकरवर एकेक घर आठ दशांश मिलिमीटरवरून चार दशांशावर आलं. चुरगळलेल्या चकलीच्या पाकिटावर ते कोण वाचणार? निरोप काढून टाकला, कोड सुटसुटीत झाला. मग रात्री दोनपर्यंत बसून बाराशे स्टिकर चिकटवले. या वेळी कोडाखाली मोठ्या आकड्यांत फोन नंबरही छापला होता.

पुन्हा सांगतो. कोडात जेवढं कमी, तेवढी घरं मोठी. घरं मोठी, तेवढा कोड पटकन वाचला जातो.

आता बनवायचं कसं. नव्या कोरल ड्रॉमध्ये क्यूआर कोड टाकायची सोय आहे आणि छपाईवाले कोरल वापरतातच. लिंक लिहून द्या आणि तिथल्या तिथे बनवून घ्या. घरी करायचा तर इंकस्केप हे फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात एक्स्टेन्शन्स, रेंडर, बारकोड, मग क्यूआर कोड. फाइल एसव्हीजी किंवा पीडीएफ द्या. मोबाइलच्या क्रोममध्ये शेअर दाबूनही कोड मिळतो, मध्ये छोटा डायनोसॉर बसलेला असतो, पण ते चित्र आहे, मोठं केलं की फाटतं. आणि स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका. तिथे फोटो दाबला जातो, कडा धूसर होतात. पाठवायचंच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

भावपत्रक बदलत राहणार असेल तर स्वतःच्या नावाचा डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता घ्या, वर्षाला साधारण हजाराच्या आतबाहेर पडतो. कोडात तो पत्ता घाला आणि आतलं पान हवं तेव्हा बदला. कोडही मालकीचा, बदलायची मुभाही आपली. मात्र डोमेनचं वार्षिक नूतनीकरण चुकवू नका, नाहीतर कोजागिरी पुन्हा येईल. अजून एक: व्हॉट्सॲप स्वतःच जो क्यूआर दाखवतं तो छापणार असाल, तर तिथलं ‘रिसेट’ पुन्हा कधी दाबू नका. दाबलंत की छापलेले सगळे मेले. नंबरवरून बनवलेल्या लिंकला हा धोका नाही, नंबर चालू असेपर्यंत ती चालते.

माप. जितक्या लांबून स्कॅन करणार त्याच्या एक दशांश रुंदी. हातातल्या पाकिटावर किमान दोन सेंटिमीटर. दोन मीटरवरून वाचायच्या फलकावर वीस सेंटिमीटर. कोडाभोवती चार घरांइतकी पांढरी जागा सोडायची, ती कापू द्यायची नाही. डिझायनर मंडळींना ही जागा रिकामी वाटते आणि ते तिथे तोरण काढतात. नको. गडद घरं, फिकी पार्श्वभूमी. पिवळ्यावर केशरी सुंदर दिसतं, कॅमेऱ्याला दिसत नाही.

मध्ये चित्र हवं असेल तर कोड बनवताना दुरुस्तीची पातळी, म्हणजे एरर करेक्शन, एच ठेवा. पातळ्या चार: एल, एम, क्यू, एच. कोडाचा अनुक्रमे ७, १५, २५ आणि ३० टक्के मजकूर खराब झाला तरी वाचता येतो. पातळी वाढवली की घरंही वाढतात, हे लक्षात ठेवा. आणि तीन कोपऱ्यांतल्या मोठ्या चौकोनांवर काही म्हणजे काही घालू नका, कॅमेरा आधी त्यांनाच शोधतो.

तेलकट मालासाठी बिलाच्या कागदासारखा थर्मल स्टिकर घेऊ नका, तेलाने छपाई पुसट होते. रिबनच्या प्रिंटरवर किंवा ऑफसेटवर छापून घ्या. गठ्ठ्याची ऑर्डर द्यायच्या आधी एकच स्टिकर खऱ्या, भरलेल्या पाकिटावर चिकटवा, ट्यूबलाइटखाली तीन मोबाइलवर बघा, त्यात एक जुना असू दे. घटक, तारीख, अन्न परवान्याचा १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक कोडात ढकलून मोकळं होता येत नाही, तो मजकूर लेबलावर छापलेलाच लागतो. हॉटेलवाल्यांनाही सांगतो, चार कागदी मेनू ठेवा. म्हाताऱ्या माणसाला आमटी मागवायला मोबाइल काढायला लावू नये.

पैशाचा कोड वेगळा. तो बँकेकडून किंवा पेमेंट ॲपकडून दुकानाच्या नावाने घ्या. यूपीआयचा कोणताही एक कोड सगळ्या ॲपना चालतो, गल्ल्यावर पाच रंगांचे पाच स्टिकर लावायची गरज नाही. उलट दोन कोड शेजारी असले की कॅमेरा भलताच पकडतो. कोडात रक्कम घालता येते, पण वडापावचा भाव दोन रुपयांनी वाढला की तो कोड रद्दीत. लॅमिनेशन चकचकीत करू नका, मॅट करा, आणि कागदाच्या बाहेर पाच मिलिमीटर कड सोडून सील करा. कड कमी ठेवलीत तर जून संपायच्या आत पाणी आत शिरतं.

आणि सकाळी शटर उघडलं की स्वतःचा कोड स्वतः स्कॅन करा. नाव वाचा. रात्रीत कुणी आपला स्टिकर वर चिकटवून जातं, पैसे दिवसभर दुसऱ्याच्या खात्यात. कडेवरून नख फिरवलं तरी कळतं. गिऱ्हाइकाने दाखवलेला स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. आपल्या ॲपमध्ये नोंद बघा किंवा साउंडबॉक्स बोलू द्या. तो जरा कमी आवाजात बोलला तर शेजारी उपकार मानतील. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, कुणाचा कोड स्कॅन करावा लागत नाही. पुन्हा सांगतो, पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. फसगत झालीच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, बारा आकडी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवून. एक, नऊ, तीन, शून्य.

नमस्कार.