शून्य एरर दिसल्यावर उरते ते काम

मंडळी, आज फक्त वर्डप्रेसच्या प्लगइनबद्दल बोलू. समोर पाच-सात वर्षांचा, तीन-चार हातांखालून गेलेला प्लगइन आहे असे धरा. त्यावर पहिल्यांदाच कोड तपासणारी अवजारे चालवायची आहेत. ही अवजारे कोड चालवत नाहीत, नुसता वाचतात. आपल्याला लागतील दोन: पीएचपी कोडस्निफर (पुढे नुसता स्निफर) आणि पीएचपीस्टॅन. कोडस्निफरची मूळ रिपॉझिटरी २०२३च्या अखेरीस बंद पडली आणि काम पीएचपीसीएस-स्टँडर्ड्स या नावाखाली पुढे चालू झाले. जुन्या लेखांतले दुवे म्हणूनच मेलेल्या जागी नेतात. कोडस्निफरने लावायचा वर्डप्रेसचा नियमसंचही (त्याच्या भाषेत ‘स्टँडर्ड’) ३.० किंवा त्यापुढचाच घ्या.

कंपोझर या पीएचपीच्या पॅकेज-व्यवस्थापकाने सगळे बसवले तरी ‘वर्डप्रेस नावाचे स्टँडर्ड इन्स्टॉल नाही’ असा एरर बऱ्याच जणांना येतो. स्टँडर्डची नोंद करणारा एक छोटा कंपोझर-प्लगइन असतो आणि कंपोझर २.२पासून अशा प्लगइनना ‘अलाउ-प्लगइन्स’मध्ये परवानगी द्यावी लागते. तेवढी एक ओळ राहिलेली असते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे व्हेंडर, नोड-मॉड्यूल्स आणि बिल्ड ही फोल्डरे वगळायची राहतात. मग दुसऱ्यांच्या लायब्ररीतल्या चुका आपल्या नावावर निघतात.

पहिल्या फेरीत एरर हजारांत मोजावे लागतात. घाबरू नका. त्यातले बहुतेक टॅब, स्पेस, कंस यांचेच असतात आणि कोडस्निफरचा जोडीदार पीएचपीसीबीएफ ते आपोआप नीट करतो. मात्र ही झाडलोट स्वतंत्र कमिटमध्ये करा. त्यात तर्काची एकही ओळ बदलू नका आणि त्या कमिटचा हॅश (ओळखक्रमांक) गिटच्या ‘ब्लेम’ने, म्हणजे ओळ कोणी बदलली ते दाखवणाऱ्या आदेशाने, दुर्लक्ष करायच्या कमिटांच्या फाइलीत नोंदवा. नाही तर पुढच्या वर्षी कुठल्याही ओळीचा इतिहास पाहिलात तरी झाडूवाल्याचेच नाव दिसेल. डॉकब्लॉकचे (फंक्शनच्या डोक्यावरच्या टिपांचे) नियम सुरुवातीला बंद ठेवा. ‘हे फंक्शन नाव परत देते’ असल्या टिपा लिहून प्लगइन सुधारत नाही.

आता सुरक्षेचे नियम. इथे सावकाश जाऊ, कारण स्निफर गप्प बसला म्हणजे सगळे ठीक, हा समज इथेच महाग पडतो.

एस्केपचा, म्हणजे पानावर छापण्याआधी धोक्याची चिन्हे निष्प्रभ करण्याचा, नियम घ्या. एको, प्रिंट, प्रिंटएफ यांतून बाहेर पडणारी प्रत्येक किंमत तो तपासतो. शॉर्टकोड (पोस्टमध्ये चौकटी कंसात लिहायचा आदेश) मात्र एको करत नाही, स्ट्रिंग रिटर्न करतो, आणि रिटर्न हा नियम पाहत नाही. समजा शॉर्टकोडला ‘रंग’ हे अॅट्रिब्यूट आहे आणि ते सॅनिटाइझ_टेक्स्ट_फील्ड या सफाईच्या फंक्शनमधून काढून थेट स्टाइलच्या अवतरणात जोडले आहे. ते फंक्शन टॅग काढते, पण अवतरणचिन्ह तसेच ठेवते. मग कॉन्ट्रिब्यूटर दर्जाचा (लिहू शकणारा, पण प्रकाशित करू न शकणारा) माणूस अवतरण बंद करून ऑनमाउसओव्हर लिहितो आणि ती पोस्ट तपासायला उघडणाऱ्या अॅडमिनच्या ब्राउझरमध्ये त्याचा कोड चालतो. स्निफरचा अहवाल कोरा. यावर एकच उपाय आहे: अॅड_शॉर्टकोड शोधा, प्रत्येक कॉलबॅक हाताने वाचा आणि जोडणीच्याच जागी एस्क_अॅटर हे एस्केपचे फंक्शन लावा. सॅनिटाइझ आत येताना, एस्केप बाहेर पडताना. एकाने दुसऱ्याचे काम भागत नाही.

नॉन्सचा, म्हणजे मागणीसोबत पाठवलेल्या गुप्त खुणेचा, नियम याहून भोळा. त्याच फंक्शनमध्ये आधी कुठेतरी नॉन्स तपासणारे फंक्शन बोलावले आहे एवढे दिसले की त्याचे समाधान होते. आता ही अट ऐका: ‘पोस्टमध्ये (फॉर्मने पाठवलेल्या डेटात) नॉन्स आलेला असेल आणि तो चुकीचा असेल, तर थांब.’ वाचायला बरी वाटते. पण हल्लेखोराने नॉन्स पाठवलाच नाही तर पहिलाच भाग खोटा ठरतो, थांबण्याची ओळ चालतच नाही आणि पुढचे डिलीट सुखेनैव होते. बरोबर अट अशी हवी: ‘नॉन्स आलेला नसेल किंवा चुकीचा असेल, तर थांब.’ ‘असेल’च्या जागी ‘नसेल’ आणि ‘आणि’च्या जागी ‘किंवा’, एवढाच फरक. शिवाय नॉन्स म्हणजे परवानगी नव्हे. मागणी आपल्याच पानावरून आली एवढेच तो सांगतो. करणाऱ्याला अधिकार आहे का, हे करंट_यूजर_कॅनने वेगळे विचारावे लागते, आणि ते विसरलात तर स्निफर आठवण करून देत नाही.

आणखी एक खोच. पोस्टमधली किंमत नॉन्सशिवाय वापरली तर एरर येतो, गेटमधली (दुव्याच्या पत्त्यातून आलेली) वापरली तर नुसती वॉर्निंग. अहवाल आटोपशीर दिसावा म्हणून वॉर्निंगा लपवणारा पर्याय लावला, की यादीतल्या ‘हटवा’ दुव्यांमागचा कोड नजरेआड होतो. तो पर्याय लावू नका.

डेटाबेसच्या बाबतीत स्निफर चांगला आहे. क्वेरीत सरळ घातलेले व्हेरिएबल तो पकडतो. टेबल किंवा कॉलमच्या नावासाठी वर्डप्रेस ६.२पासून प्रिपेअर या क्वेरी सुरक्षित बांधणाऱ्या फंक्शनात टक्का-आय (%i) ही खूण मिळते. चढता-उतरता क्रम मात्र त्यातून जात नाही. तिथे दोनच शब्दांची यादी करून तपासा.

पीएचपीस्टॅनचे काम वेगळे. कोणती किंमत कोणत्या प्रकारची (आकडा, स्ट्रिंग, अॅरे) हे तो पाहतो. वर्डप्रेसच्या फंक्शनांची ओळख करून देणारे एक्स्टेंशन सोबत बसवा, नाही तर प्रत्येक फंक्शन त्याला अनोळखी. मेमरीची मर्यादा १ जीबीपर्यंत वाढवा, कारण मध्येच कोसळण्याचे नेहमीचे कारण तेच. पातळी ० पासून सुरू करा, ५ गाठा, तिथे बेसलाइन (आजवरच्या चुकांची यादी) काढा आणि जुन्या चुका तिच्यात बंद करा. नवीन चूक आली की बिल्ड (दर बदलानंतर आपोआप होणारी तपासणी) अडते. जुनी दुरुस्त केली तरी अडते, कारण बेसलाइनमधली नोंद आता जुळत नाही. हा बिघाड नव्हे, बेसलाइन पुन्हा काढायची असते. खरी कमाई ७ आणि ८ वर आहे. डब्ल्यूपी_रिमोट_गेट अॅरे देते किंवा डब्ल्यूपी_एरर; समोरचा सर्व्हर बंद असताना त्यालाच अॅरे समजून कंसाने ‘बॉडी’ काढायला गेलात, तर फेटल एररने पान कोसळते. गेट_पोस्टही नल (काहीच नाही) देऊ शकते. ग्राहकाच्या साइटवर मध्यरात्री फुटणाऱ्या चुका बहुधा याच जातीच्या.

वर्डप्रेसच्या प्लगइन डिरेक्टरीत प्लगइन पाठवायचा असेल तर अधिकृत ‘प्लगइन चेक’ही चालवा. तो टेक्स्ट डोमेन (भाषांतरासाठी प्लगइनला दिलेले नाव) आणि रीडमीतल्या चुकाही सांगतो. रोजच्या बिल्डमध्ये मात्र कोडस्निफर बदललेल्या फाइलींवर आणि पीएचपीस्टॅन सगळ्या कोडवर, हा बेत बरा. पीएचपीस्टॅनला अर्धा कोड दाखवून चालत नाही, एका फाइलीतल्या बदलाने चूक दुसरीत उघडी पडते.

शेवटी इग्नोर टिपणी, म्हणजे ‘ही ओळ सोड’ असे स्निफरला सांगणारी कमेंट. स्निफर चुकतो तेव्हा ती लावायचीच, पण पूर्ण फाइल बंद करून नव्हे. त्या एका ओळीवर, त्या एका नियमाचे पूर्ण नाव देऊन, दोन डॅश टाकून पुढे कारण लिहा. दर प्रकाशनाआधी सगळ्या इग्नोर टिपण्या शोधून वाचा. कारण न लिहिलेली टिपणी सापडली, की ती काढून पुन्हा तपासणी चालवा.