किट बदललं, तरी स्लो बसत नाही

नमस्कार मंडळी. इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांकडे पद्मिनी आहे, काहींकडे मॉरिस मायनर. चहा घेताना जेवढ्यांशी बोललो, त्यांतल्या बहुतेकांची तक्रार एकच: कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) खोलला, धुतला, नवीन किट टाकलं, तरी गाडी स्लोवर उभी राहत नाही, म्हणजे पाय उचलल्यावर इंजिन हळू आणि एकसारखं चालत नाही. मग मेकॅनिक रेस वाढवून देतो, आणि सायनच्या सिग्नलला गाडी उभ्या-उभ्या बोंबलत राहते. आज मी या एकाच दुखण्यावर बोलणार आहे.

पद्मिनी म्हणजे मुळात फियाट 1100 डिलाइट. 1964 पासून कुर्ल्यात प्रीमियरच्या कारखान्यात ती बनत होती, पद्मिनी हे नाव दहाएक वर्षांनी मिळालं. इंजिन 1089 सीसीचं, त्यावर वरून खाली हवा घेणारा एकच कार्बोरेटर, बहुधा सोलेक्स कंपनीचा. त्याचं काम कसं चालतं ते एकदा नीट समजून घ्या. इंजिन हवा ओढतं. ती अरुंद गळ्यातून जाताना तिचा वेग वाढतो, दाब घटतो, आणि त्या घटलेल्या दाबामुळे जेटमधून, म्हणजे मापाच्या बारीक भोकातून, पेट्रोल वर येतं. म्हणजे पेट्रोल किती यायचं हे गळ्यातून गेलेली हवा ठरवते. साधारण 14.7 ग्रॅम हवेला 1 ग्रॅम पेट्रोल असा हिशोब. आता जी हवा गळा चुकवून दुसरीकडूनच आत शिरली, तिच्या वाट्याचं पेट्रोल कोण देणार? कोणीच नाही. गाडी हवा पकडते म्हणतात ती हीच.

ही चोरटी हवा बहुतेक वेळा थ्रॉटलच्या, म्हणजे हवेच्या झडपेच्या, स्पिंडलजवळून येते. अ‍ॅक्सिलेटर दाबला की हीच दांडी फिरते. पन्नास वर्षं फिरून-फिरून तिने बॉडीतलं भोक लंबगोल केलेलं असतं. बाजारात मिळणाऱ्या किटमध्ये पॅकिंग असतात, डायफ्राम असतो, नीडल व्हॉल्व्ह असतो. स्पिंडलचं भोक कुठल्याच किटमध्ये येत नाही! म्हणून पैसे खर्चूनही दुखणं जागच्या जागी राहतं. आणि ते स्लोवरच का दिसतं? स्लोवर थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, त्याच्याखाली ओढ सर्वांत जास्त असते आणि एकूण हवा अगदी थोडी लागते. त्यात बाहेरची जराशी हवा मिसळली तरी प्रमाण बिघडतं. ईस्टर्न एक्स्प्रेसवर साठच्या वेगात तेवढीच गळती हरवून जाते, म्हणून मालक म्हणतो, ‘पळताना मस्त आहे हो.’

तपासायला काही लागत नाही. इंजिन बंद ठेवून स्पिंडलचं टोक चिमटीत धरा आणि हलवा. खडखडलं तर कार्बोरेटर लेथवाल्याकडे न्या, भोक रीम करून (नीट गोल कापून) त्यात पितळी बुश, म्हणजे नळकांडी, मारून घ्या. मग खालची फ्लँज, म्हणजे इंजिनवर बसणारी कड, बघा. बोल्ट आवळून-आवळून तिचे कान वाकलेले असतात. सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून आठचा आकडा काढत घासली की सरळ होते. काही जण तिथे दोन-दोन पॅकिंग लावून वर सील चोपडतात. ते मला अजिबात पटत नाही.

हे झाल्याशिवाय मिक्श्चर स्क्रूला, म्हणजे स्लोचं मिश्रण ठरवणाऱ्या स्क्रूला, हात लावू नका. किंबहुना टॅपेट (झडपांचं अंतर), पॉइंट आणि टायमिंग (ठिणगी आणि तिची वेळ) ठीक झाल्याशिवाय कार्बोरेटर खोलूच नका. पॉइंट जळालेला असताना सगळा आळ कार्बोरेटरवर येतो.

आता सेटिंग. इंजिन पूर्ण गरम हवं, चोक अजिबात ओढलेला नको. सोलेक्सचा मिक्श्चर स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत घ्या. आवळलात तर टोकाला कंगोरा पडतो आणि तो स्क्रू पुन्हा कधी बारीक ऐकत नाही. मग दीड फेरा बाहेर. गाडी चालू करून हळूहळू फिरवत जिथे इंजिन सर्वांत जास्त फिरतं ती जागा शोधा, थ्रॉटलच्या स्क्रूने रेस खाली आणा, परत मिक्श्चर बघा. दोन-तीन वेळा असं केलं की बसतं. स्क्रू पूर्ण आत गेला तरी इंजिन बंद पडत नसेल, तर पेट्रोल स्लोच्या वाटेने येतच नाहीये. थ्रॉटल जास्त उघडा राहिलाय.

मॉरिसवाल्यांचं थोडं वेगळं. त्यांच्या एसयू कार्बोरेटरमध्ये स्वतःचा एक पिस्टन वर-खाली होतो, जेट खालच्या नटने हलतो. इंजिन स्लोवर असताना हा पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचला. रेस वाढून तशीच राहिली तर पेट्रोल जास्त, इंजिन बसलं तर कमी, क्षणभर वाढून जागेवर आलं तर बरोबर.

फ्लोट म्हणजे फ्लशच्या टाकीतला गोळा, एवढं सांगितलं की पुरे. लेव्हल जास्त असेल तर पेट्रोलचा वास, कमी असेल तर घाटात गाडी मरते. सीएनजीवर वर्षानुवर्षं चाललेली टॅक्सी विकत घेऊन पेट्रोलवर आणणाऱ्यांनी मात्र कार्बोरेटरमधल्या पिकअपच्या पंपाचा डायफ्राम आधी बदलावा. कोरडा राहून तो कडक होतो. इंजिन बंद ठेवून वरून टॉर्च मारा, हाताने थ्रॉटल उघडा. उघडताक्षणी बारीक धार सुटली पाहिजे. उशिरा सुटली तर पिकअपला गाडी अडखळणारच.

राहिला पेट्रोलमधल्या वीस टक्के इथेनॉलचा प्रश्न, जो तुम्ही विचारणारच होतात. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, सुमारे 9 ला 1, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त हवं. त्यामुळे जुन्याच जेटवर मिश्रण आपोआप पातळ होतं आणि आपल्या कार्बोरेटरला ते कळायला सेन्सर नाही. जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो. समजा 120 चा जेट 125 केला, तर भोक वाढलं फक्त पाच शतांश मिलिमीटर, पण क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी. जेटमध्ये तार घालून साफ करणाऱ्याचा मला राग येतो तो याच हिशोबामुळे. कचरा असेल तर कॉम्प्रेसरची हवा मारा.

इथेनॉल पाणीही ओढतं. पावसाळ्यात गाडी उभी ठेवणार असाल तर टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाला टाकीकडून येणारी नळी काढून तिचं तोंड बंद करा आणि इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे फ्लोटच्या वाटीत काही उरणार नाही. नाहीतर गणपतीच्या सुमारास उघडाल तेव्हा तळाशी पांढरी पूड सापडेल.

आणि मोठा जेट शोधत कुर्ल्याला सीएसटी रोडवर जाल, तेव्हा आकड्यावर विसंबू नका. जुना जेट कोणीतरी कधीतरी ड्रिल मारून मोठा केलेला असू शकतो. खिशात भिंग ठेवा. भोकाची कड चकचकीत आणि गोल असेल तरच घ्या, ओरखडे दिसले तर तिथेच परत द्या.