लाकडाचं आंबट तेल

श्रोतेहो, नमस्कार.

अर्धवट ओलं लाकूड चुलीत धुमसताना त्याच्या मागच्या टोकाला तपकिरी, आंबूस वासाचा रस फेसाळतो. तुमच्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल. त्या रसाच्याच एका भाऊबंदाबद्दल आज बोलायचंय.

लाकडाचा कोरडा भुसा हवा लागू न देता ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास झटकन तापवला आणि निघालेल्या वाफा दोनेक सेकंदांत थंड केल्या, तर वजनाच्या ६० ते ७५ टक्के द्रव हाती येतो. हे जैव-तेल. आपल्याकडच्या पऱ्हाट्यांपासूनही ते निघतं, जरा कमी. म्हणायचं तेल, पण ते डिझेलमध्ये मिसळत नाही. त्यात १५ ते ३० टक्के पाणी असतं. व्हिनेगरमधलंच आम्ल असतं, त्यामुळे साधं पोलाद ते खातं. किलोला किलो धरलं, तर ऊर्जा डिझेलच्या निम्मीही नाही. आणि साठवून ठेवलं की दिवसेंदिवस घट्ट होतं.

या सगळ्या खोडींचं मूळ एकच, ऑक्सिजन. पाण्यातला धरून तो वजनाच्या ३५ ते ४० टक्के भरतो. डिझेलमध्ये तो जवळजवळ नसतोच.

तो काढायला झिओलाइट हा सच्छिद्र उत्प्रेरक चालतो. हायड्रोजन विकत घ्यावा लागत नाही, पण ऑक्सिजनबरोबर बराच कार्बनही निघून जातो आणि छिद्रं काजळीनं बुजतात.

दुसरी वाट हायड्रोजनची. रिफायनरीत गंधक काढणारे कोबाल्ट-मॉलिब्डेनमचे उत्प्रेरक इथंही ऑक्सिजनचं पाणी करतात. मात्र जैव-तेल एकदम ३५० अंशांच्या पुढे नेलं, तर ते डांबरासारखं थिजून नळीच बंद पाडतं. अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेत डग्लस इलियट आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात यावर तोडगा काढला: आधी कमी तापमानाला हायड्रोजन देऊन तेल शांत करायचं, मग आच वाढवायची. मला या विषयातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते.

कारखाना चालवणं मात्र अवघडच. मिसिसिपीतल्या कोलंबस इथं किऑर कंपनीनं उत्प्रेरक वापरून लाकडाचं इंधन केलं, २०१३मध्ये विक्रीला पाठवलं, आणि २०१४मध्ये तिचं दिवाळं निघालं. म्हणून ‘काडीकचऱ्यापासून डिझेल’ अशी बातमी आली की मी पहिल्यांदा शोधतो, उत्प्रेरक किती तास टिकला.

हायड्रोजनचा खर्च उरतोच. त्यावर उपाय म्हणून बंगळूरला शेल या तेल कंपनीच्या केंद्रात दिवसाला ५ टन क्षमतेचा प्रात्यक्षिक प्रकल्प उभा राहिला. त्या पद्धतीत लाकूड हायड्रोजनमध्येच तापवतात, आणि त्यातून सुटणाऱ्या हलक्या वायूंपासूनच पुढचा हायड्रोजन तयार करतात.