शेक घ्यायचा का, काकू?

(ठाणे स्टेशन, सकाळ. पनवेल लोकल फलाटाला लागते.)

कोपरीत, ठाणे पूर्वेला, काकू राहतात. वय ७२. गुडघे कुरकुरतात, बीपीची गोळी रोजची. महिन्याभरापूर्वी त्यांच्या डाव्या स्तनातली दीड सेंटिमीटरची कॅन्सरची गाठ काढली. स्तन राखला. काखेतल्या ग्रंथींत कॅन्सर सापडला नाही. रिपोर्टवर ‘ईआर पॉझिटिव्ह’ आलं, म्हणजे इस्ट्रोजेन या हार्मोनवर पोसणारी गाठ. तसली पुन्हा उगवू नये म्हणून लेट्रोझोल ही हार्मोनची गोळी, रोज एक, निदान पाच वर्षं.

आणि शेक. घरात रेडिओथेरपी असं कुणी म्हणत नाही. कुणी शेक म्हणतं, कुणी लाइट. शेजारणीनं ‘करंट देतात’ असं सांगितलं आणि काकूंची दोन रात्री झोप उडाली. करंटबिरंट काही नसतो. टेबलावर निजायचं, हलायचं नाही; मोठ्या यंत्रातून किरण येतात, काही मिनिटांत काम होतं. त्या वेळी दुखत नाही. पुढे कातडी लालसर होते, थकवा येतो. डाव्या बाजूला हृदय जवळ असतं, म्हणून श्वास भरून रोखून धरायला शिकवतात. छाती फुगली की हृदय किरणांच्या वाटेतून मागे सरतं.

हे सगळं समजावून झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तुमच्या बाबतीत शेक नाही घेतला तरी चालू शकेल.”

मुलगा गोंधळला. कॅन्सर आहे ना, मग जे असेल ते सगळं करून टाकू!

(रिपोर्टची फाइल. काकूंचे हात.)

त्याची धास्ती खोटी नाही. पण डॉक्टरीणबाई काही मनचं सांगत नव्हत्या. एडिनबर्गच्या डॉक्टरांच्या पुढाकारानं प्राइम टू नावाची चाचणी झाली. त्यात ६५ आणि त्यापुढच्या १,३२६ बायका. गाठ ३ सेंटिमीटरपर्यंत, काख स्वच्छ, हार्मोनची गोळी चालू. दहा वर्षांचे निकाल २०२३ साली आले. शेक न घेतलेल्या शंभरात ९ ते १० जणींना त्याच स्तनात आजार परतला. शेक घेतलेल्यांत जेमतेम एकीला. फरक मोठा आहे, तो लपवू नये. पण हयात किती? दोन्हीकडे शंभरात ८१. शेक टाळल्यानं आजार शरीरात दूरवर जास्त पसरला, असंही दिसलं नाही.

हे काकूंसारख्यांनाच लागू. काखेत आजार पोचला असेल, गाठ हार्मोनवर वाढणारी नसेल, वय पन्नाशीचं असेल, तर हा हिशेब लावायचा नाही. आपल्याकडे हा कॅन्सर पुष्कळ बायकांना तरुणपणीच गाठतो, म्हणून हे पुन्हा सांगते.

आता खेपा. पूर्वी पाच आठवडे, पंचवीस वेळा जावं लागे. मग पंधरा झाल्या. २०२० साली ब्रिटनमधल्या चाचणीनं दाखवलं की निवडक रुग्णांना एका आठवड्यात पाच खेपाही पुरतात. शिवाय खारघरला टाटा हॉस्पिटलचं ॲक्ट्रेक हे केंद्र झाल्यापासून प्रत्येकाला परळच गाठावं लागतं असं राहिलं नाही. तरी दुखऱ्या गुडघ्यांना जिना तो जिनाच, आणि सुनेची रजा ती रजाच.

(दवाखाना. तिघं बसलेली.)

“काय ठरवलंत?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मुलानं तोंड उघडलं. त्यांनी त्याला हातानं थांबवलं. “काकू, तुम्ही बोला.”

काकू बराच वेळ पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, “बरं वाटलं की मी बीपीची गोळीसुद्धा सोडते. माझं मला ठाऊक आहे. ही पाच वर्षं कशी घेईन?”

सगळ्या आकड्यांत राहून गेलेली गोष्ट काकूंनी नेमकी पकडली होती. शेक टाळायचा, तर तो गोळीच्या भरवशावर. आणि या गोळीनं सांधे दुखतात, हाडं विरळ होऊ शकतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळी घ्यायचीच. पण उद्या सोसली नाही आणि थांबवावी लागली, तर निदान स्तनापुरता शेकाचा आधार राहील.

काकूंनी पाच खेपा घ्यायचं ठरवलं. दुसऱ्या कुणी, त्याच वयात, तोच रिपोर्ट हातात धरून, नको म्हटलं असतं तर तेही बरोबरच ठरलं असतं.

(मापं घेण्याची खोली.)

किरणांची जागा रोज तीच राहावी म्हणून छातीवर तिळाएवढे ठिपके टोचतात. काकूंच्या मनगटावर लहानपणीचं तुळशीवृंदावन आहे, हिरवं, पुसट झालेलं. त्यांनी वाकून नवे ठिपके पाहिले.

“एवढंच गोंदण?”