कळंबोलीचा वजनकाटा

[दृश्य: रात्रीचे साडेदहा. कळंबोली, लोखंड बाजाराकडचा रस्ता. ट्रेलरच्या रांगेत एक छोटी हिरवी गाडी.]

पुढे सळ्यांचा ट्रेलर, मागे पत्र्याच्या गुंडाळ्या घेतलेला दहाचाकी, आणि मधे आम्ही. काट्यावरच्या माणसाने खिडकीतून विचारलं, "माल काय?" दादा म्हणाला, "संसार." तो माणूस हसला नाही. लाल आकडे थोडे थरथरले आणि थांबले. 1,790 किलो.

गाडी मारुतीची जिम्नी. कागदावर रिकाम्या गाडीचं वजन सुमारे 1,200 किलो. माणसं आणि सामान धरून चालेल असं जास्तीत जास्त वजन 1,545. लडाखला निघायला अजून महिना होता, सगळं भरून एकदा बघू म्हणून आलो होतो. बघितलं. 245 किलो जास्त.

[दृश्य: काट्याची पावती. टॉर्चच्या उजेडात आकडा.]

दोन वर्षं मी या गाडीला काही ना काही लावत होते. दर महिन्याला एक खोका यायचा. प्रत्येक वस्तू घेताना किंमत बघितली, फोटो बघितले, वजन एकदाही बघितलं नाही.

[दृश्य: मुंबई. सकाळची गर्दी, पूर्व द्रुतगती मार्ग.]

आधी गाडी का घेतली ते सांगते. मुंबईच्या रस्त्यावर आज उंच गाड्यांची कमी नाही. पण त्यातल्या बहुतेकींना वेगळी चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नसते आणि जोर फक्त पुढच्या दोन चाकांना मिळतो. महामार्गावर त्या उत्तम. दगडांच्या ओढ्यात एक चाक हवेत गेलं की मात्र संपलं. तिथे लागते शिडीसारखी वेगळी चासी, चारही चाकांना जोर आणि लो रेंज. लो रेंज म्हणजे गाडी गोगलगायीसारखी चालते पण ओढते बैलासारखी, आणि उतारावर ब्रेक जाळावे लागत नाहीत.

हे सगळं असलेल्या गाड्या आपल्याकडे बोटावर मोजण्याइतक्या. थारच्या पोटाखाली 226 मिलिमीटरचा उंचावा आणि 650 मिलिमीटर पाण्यातून जायची क्षमता. गुरखाला पुढे-मागे दोन्ही डिफरेन्शियलना, म्हणजे अॅक्सलच्या मधल्या, डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणाऱ्या गिअरच्या गोळ्यांना, लॉक आणि स्नॉर्केल (त्याचं पुढे सांगते) कंपनीतूनच. दुर्गम भागासाठी माझ्या मते सगळ्यात तयार गाडी तीच. 1985 साली आलेली जिप्सी आता नवी मिळत नाही, पण पर्वतात तिचे सुटे भाग ठाऊक नसलेला मिस्त्री अजून शोधावा लागेल.

मी जिम्नी घेतली त्याचं कारण फार थोर नाही. ती 1,645 मिलिमीटर रुंद आहे. आमच्या गिरगावच्या गल्लीत याहून रुंद गाडी आली तर दूधवाल्याला मागे जावं लागतं.

[दृश्य: माझगावचे जुने रस्ते, गोदामांच्या भिंती.]

आणि हो, जीपवेड मुंबईला नवं नाही. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी विलीज जीप जुळवायला सुरुवात केली ती इथे, माझगावात. आमच्या आजोबांच्या तोंडी कुठलीही उघडी गाडी 'जीप'च असायची.

[दृश्य: कुर्ला, सीएसटी रोडवरचं गॅरेज. जॅकवर उचललेली गाडी. तेलाने काळे झालेले हात.]

हे आमचे मामा. कुणाचेच मामा नाहीत, पण सगळे मामाच म्हणतात. माझ्या गाडीची खरी अक्कल यांच्याकडून आली, तीही एका फजितीनंतर.

मागच्या जुलैत हिंदमाताला पाणी तुंबलं होतं. बाकीच्या गाड्या थांबल्या, मी थांबले नाही. माझ्या गाडीला स्नॉर्केल होता ना! स्नॉर्केल म्हणजे इंजिनची हवा छतापाशी नेऊन घ्यायची नळी. इंजिनात हवेबरोबर पाणी शिरलं की पिस्टन ते दाबू शकत नाही, कारण पाणी दबतच नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो. माझं तसं काही झालं नाही. गाडी ऐटीत पलीकडे गेली, फुटपाथवरच्या एकाने टाळ्याही वाजवल्या.

पंधरा दिवसांनी मागून घूं घूं आवाज यायला लागला.

[दृश्य: अगदी जवळून. मागच्या डिफरेन्शियलचा बोल्ट निघतो, ट्रेमध्ये तेल पडतं.]

मामांनी खालचा बोल्ट काढला. ऑइल काळसर, मधासारखं दाट यायला हवं होतं. आला कटिंग चहा. मामांनी तो दोन बोटांत चोळला आणि माझ्यासमोर धरला. "ताई, नाक वर केलंत, पण गाडी मागूनपण श्वास घेते."

चालून चालून डिफरेन्शियलचा गोळा तापलेला असतो. तो एकदम थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि बाहेरचं जे असेल ते ओढून घेते. त्या हवेच्या ये-जा साठी गोळ्याला एक बारीक श्वासनळी असते, तिचं तोंड पाण्याखाली होतं. उपाय इतका स्वस्त की लाज वाटावी. नागदेवी स्ट्रीटवरून आणलेली लांब रबरी नळी, दोन क्लिपा, आणि तोंड वर इंजिनजवळ नेऊन बांधलेलं. स्नॉर्केलच्या किमतीत अशा पन्नास नळ्या आल्या असत्या, फक्त त्या फोटोत दिसत नाहीत.

26 जुलै 2005 ला सांताक्रुझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि या शहरात माणसं बंद गाडीत गुदमरून गेली. त्यामुळे मामांच्या गॅरेजमधून निघणाऱ्या प्रत्येक गाडीत, ती लडाखला जाणारी असो की लालबागला, काच फोडायची हातोडी ड्रायव्हरच्या हाताशी असते. मागे डिकीत नाही.

[दृश्य: टायरचं दुकान. दोन टायर शेजारी-शेजारी, एकाचे गट्टू मोठे.]

आता टायर. गाडीवर पैसे घालायचे तर आधी इथे. चिखलाच्या टायरचे गट्टू मोठे, दिसायला जबरदस्त. पण मुंबई ते लेह दोन हजार किलोमीटरपेक्षा जास्त, आणि त्यातला बहुतेक डांबरी रस्ता. वापी ते उदयपूर ते टायर कानात गुणगुणत राहतात आणि ओल्या डांबरावर ब्रेकही लांब लागतो. आम्ही मधल्या जातीचे, ऑल-टेरेन घेतले.

गाडी उंच करायचं किट घेण्याआधी जरा गाडीखाली वाकून बघा. जिम्नीसारख्या अखंड अॅक्सलच्या, म्हणजे डावं-उजवं चाक एकाच सलग दांड्याला असलेल्या, गाडीत किट लावल्यावर चासी वर जाते, डिफरेन्शियलचा गोळा होता तिथेच राहतो. दगड त्यालाच लागणार. तो वर न्यायचा तर टायरच मोठा हवा, आणि टायर मोठा झाला की मीटर कमी वेग दाखवतो आणि घाटात गाडी दमते. आम्ही कंपनीच्या मापाजवळच राहिलो.

हवेचं म्हणाल तर रेतीत आणि चिखलात ती 18 ते 20 पीएसआयपर्यंत उतरवायची. टायर पसरतो, पकड वाढते. परत रस्त्यावर आलात की लगेच भरायची, म्हणून छोटा कॉम्प्रेसर. एक गंमत: मुंबईत भरलेली हवा पाच हजार मीटरवर गेजमध्ये जास्त दिसते, कारण बाहेरचा दाब निम्म्यावर आलेला असतो. थंडी त्यातला थोडा फरक खाते.

[दृश्य: गॅरेजच्या फरशीवर मांडलेलं सामान. प्रत्येकावर खडूने लिहिलेलं वजन.]

आणि हा तो दिवस. ताणकाटा घेऊन एकेक वस्तू. लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी दोरीने ओढून काढायचं मोटारचं चक्र) मिळून 85 किलो. छतावरचा तंबू 60. कॅरियर आणि शिडी 45. लाकडी ड्रॉवर 40. फ्रिज 30. आणि फक्त फ्रिजसाठी घेतलेली दुसरी बॅटरी 25.

विंचवर दादा अडून बसला. मामांनी एकच विचारलं, "दोरी बांधणार कशाला?" लडाखमधल्या चांगथांगच्या पठारावर मैलोन् मैल झाड नाही. स्टेपनी खड्ड्यात पुरून तिला दोरी बांधता येते, पण चौदा-पंधरा हजार फुटांवर तो खड्डा खणून दाखवा. आम्ही दोन गाड्या जाणार होतो. ताण घेणारी जाड नायलॉनची दोरी, दोन शॅकल (दोरी अडकवायच्या पोलादी कड्या) आणि चाकाखाली घालायच्या फळ्या पुरतात. दोरी नेहमी चासीला पक्क्या बसवलेल्या हुकालाच लावायची. ट्रेलर ओढायच्या गोळ्याला लावलीत आणि तो तुटला, तर गोळा बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो.

बंपर तसाही जायचाच होता. पुढच्या लोखंडी गार्डवर केंद्राने 2017 च्या डिसेंबरातच बंदी आणली. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की आरसी बुकात नोंदलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. मला चलानची भीती होती, मामांना एअरबॅगची. त्यांचं म्हणणं, गार्डमुळे धक्का सेन्सरपर्यंत नीट पोचत नाही.

छतावर जड काही ठेवायचं नाही, हे तर कुठल्याही बैलगाडीवाल्याला विचारा. पाणी मागच्या सीटमागे, खाली. पेट्रोलचा 20 लिटरचा कॅन मात्र घेतला. जिम्नीची टाकी 40 लिटरची, आणि लेहच्या वाटेवर लाहौलमधल्या तांदीच्या पंपावरचा तो प्रसिद्ध फलक सांगतो की पुढचा पंप 365 किलोमीटरवर.

[दृश्य: पुन्हा कळंबोली. पहाट. तोच काटा.]

मूळ बंपर परत लावला, जमिनीवरचा साधा तंबू घेतला, फळ्या बांधल्या. तोच माणूस, तीच खिडकी. "आज माल काय?" दादा गप्प. आकडे थांबले: 1,540.

पाच किलो शिल्लक. दादाने लगेच आईच्या लाडवांचा डबा मांडीवर घेतला.

[दृश्य: गिरगाव. इमारतीचा जिना.]

कॅरियर आणि तंबू विकले गेले. शिडीला गिऱ्हाईक मिळालं नाही. ती आमच्या जिन्याखाली उभी आहे, आणि पावसाळ्यात वॉचमन तिच्यावर छत्री वाळत घालतो.