व्हेंटिलेटरवरचा पेशंट खवळला की 'झोपवून टाका' म्हणण्याआधी

नमस्कार मंडळी. न्यूमोनियाच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न सारखा येतोय. "बाबा व्हेंटिलेटरवर नळ्या ओढत होते, आम्हालाही ओळखेनात. झोपेचं इंजेक्शन चालू का ठेवलं नाही?"

याला डिलिरियम म्हणतात. हे वेड नाही, आजारात मेंदू गोंधळतो. आधी ऑक्सिजन, श्वासाची नळी, वेदना, ताप, तुंबलेली लघवी बघायची. एवढं बहुतेकांना माहीत आहे, पुढे जाऊ.

खरा मुद्दा मिडाझोलमचा, म्हणजे त्या झोपेच्या इंजेक्शनचा. पेशंट झोपला म्हणजे डिलिरियम गेला असं नाही. कोविडच्या पहिल्या लाटेतल्या दोन हजारांवर आयसीयू पेशंटचा १४ देशांतला अभ्यास २०२१ मध्ये आला. निम्म्याहून जास्त जणांना डिलिरियम झाला होता. मिडाझोलमच्या गटातलं औषध सलाईनमधून सलग चालू असलेल्यांत धोका ५९ टक्के जास्त दिसला. नातेवाईक भेटलेल्यांत, अगदी व्हिडिओ कॉलवरही, २७ टक्के कमी. यातून कार्यकारण सिद्ध होत नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखं हे नक्कीच नाही.

एक ताई लिहितात, "पण नंतर शांत झाले ना!" ताई, शांत आणि शुद्धीवर यांत फरक आहे. डोळे उघडे, पण "हात दाबा" म्हटलं तर कळत नाही, हाही डिलिरियमच. तो आरडाओरडा करत नाही, म्हणून सुटून जातो.

आणि रात्रपाळीवाल्यांनो, तुम्हालाही सांगते. रात्री दोनला वाढवलेला डोस सकाळी उतरलेला नसतो. किडनी थकलेली असेल तर औषध साचतं, पेशंट जागा होत नाही, नळी आणखी एक दिवस राहते. एक आजोबा रात्रभर धडपडत होते. सिस्टरनं पिशवीतून त्यांचं कानाचं मशीन काढून लावलं, तेव्हा ते ऐकायला लागले. डोस वाढवावा लागला नाही.

मग द्यायचं काय? हॅलोपेरिडॉल हे मनोविकारातलं औषध २०१८ च्या माइंड-यूएसए चाचणीत डिलिरियम लवकर संपवण्यात प्लासिबोपेक्षा, म्हणजे नुसत्या नावाला दिलेल्या औषधापेक्षा, सरस ठरलं नाही. जिवावर बेतणारी धडपड थांबवायला थोडा वेळ देतात, पण ईसीजीवर क्यूटी (हृदयाच्या ठोक्यातलं एक माप) बघून. खवळल्यामुळे नळी काढता येत नसेल, तर डेक्समेडेटोमिडिन हे हलकी गुंगी देणारं औषध. श्वास फारसा दबत नाही, हाक मारली की पेशंट जागा होतो. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या २०१६ च्या छोट्या चाचणीत नळी लवकर निघाली. मात्र नाडी मंदावते, बीपी पडतं, नजर ठेवावी लागते.

फुप्फुस फार खराब असेल आणि पेशंट मशीनशी झगडत असेल, तर औषधानं गाढ झोपवावंच लागतं. तेव्हा डॉक्टरांशी वाद घालू नका. झोप कधी कमी करणार, हे मात्र रोज विचारा.

आणि रोज दारू पिणाऱ्याची दारू दवाखान्यात अचानक सुटली, तर याच मिडाझोलमच्या गटातली औषधं लागतात. तिथे ती टाळली तर फिट येऊ शकते. म्हणून पिण्याची सवय लाजेपोटी लपवू नका, भरती करतानाच सांगा. चष्मा आणि कानाचं मशीनही सिस्टरकडे देऊन या.